धागा अडकू नये म्हणून: कोरड्या हातांसाठी घरी केलेलं लोशन

थंडी लागली हे मला सगळ्यात आधी रेशमाचा धागा सांगतो. मी भरतकाम करते. धाग्याचा एक पदर वेगळा काढताना तो बोटाच्या टोकाला अडकला, त्याला बारीक कुसळ सुटलं, की समजायचं, कातडी कोरडी पडायला लागली. त्यानंतर आठवडाभरात ओठ उलतात, बोटांच्या पेरांवर पांढरट रेघा दिसतात आणि अंगठ्याच्या नखाशेजारी एक चीर पडते. ही चीर सुई टोचण्यापेक्षा वाईट. सुई टोचली की दोन मिनिटांत विसरते, चीर मात्र साबण लागला की झोंबते.

नुसतं तेल लावून बघितलं. हात मऊ झाले, पण कापडावर बोटांचे ठसे उमटले आणि दोन दिवसांचं काम धुवायला गेलं. मला हवं होतं ते असं: लावल्यावर पाच-सात मिनिटांत जिरावं, कापडाला लागू नये, आणि धागा बोटावरून सरळ निसटावा. असं तेल नसतं, असं लोशन असतं. लोशन म्हणजे तेल आणि पाणी एकमेकांत मिळून आलेलं दुधी मिश्रण. त्यात तेल थोडं असतं आणि ते बारीक थेंबांच्या रूपात पसरलेलं असतं, म्हणून ते चोपडं वाटत नाही.

माझा पहिला प्रयोग मी पूर्ण 'नैसर्गिक' केला होता. मधमाशीचं मेण, बदामाचं तेल, गुलाबपाणी आणि घरच्या कोरफडीचा ताजा गर. घोटताना लोण्यासारखं झालं, वासही छान. चौथ्या दिवशी कडेला पाणी सुटलं. मी चमच्याने पुन्हा ढवळलं. अकराव्या दिवशी झाकण उघडलं तर पृष्ठभागावर हिरवट-काळे ठिपके. भाचीला दाखवलं. ती रसायनशास्त्र शिकते आणि माझी भीड बाळगत नाही. म्हणाली, "मावशी, पाणी घातलंस, कोरफड घातलीस, वर बोटं बुडवलीस. तू लोशन नाही केलंस, बुरशीला घर बांधून दिलंस."

तिथून पुढे मी वजनकाटा आणला, वही केली, आणि प्रत्येक खेप लिहून ठेवायला लागले. खाली जे सांगतेय ते त्या वहीतलं आहे.

आधी हे बघू की थंडीत नेमकं बिघडतं काय. थंड हवेत पाण्याची वाफ कमी मावते. शून्य अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ४.८ ग्रॅम वाफ राहू शकते, २० अंशांना सुमारे १७.३ ग्रॅम. म्हणजे बाहेरची गारठलेली हवा खोलीत येऊन तापली, की तिच्यात तिला पेलेल त्याच्या पाव हिश्श्याहून थोडीच जास्त वाफ उरते. अशी तहानलेली हवा मिळेल तिथून पाणी ओढते, आणि आपली कातडी तिच्या हाताशीच असते. कातडीचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा. त्या पेशी विटांसारख्या, आणि त्यांच्यामध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लं यांचा चुना भरलेला. गरम पाणी आणि साबण हा चुना धुऊन काढतात. मग विटांमधून पाणी उडत राहतं, थर ताठ होतो, आणि ताठ झालेली गोष्ट वाकवली की तडकते. बोटं तर दिवसभर वाकतच असतात.

या तडकलेल्या भिंतीसाठी लोशन तीन कामं करतं. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. तेल चिरांत शिरून खरखर मऊ करतं. आणि शिया बटर (शिया झाडाच्या बियांची घट्ट चरबी) किंवा मेण यांच्यासारखी घट्ट चरबी वरून पातळ पडदा घालते, म्हणजे आतलं पाणी सहजी उडत नाही. लोशनमधलं पाणी स्वतः काही कातडीत मुक्काम करत नाही, त्यातलं बरंचसं थोड्या वेळात उडून जातं. म्हणून लोशन नेहमी ओलसर कातडीवर लावायचं. अंघोळ झाली, अंग टिपून घेतलं, पुरतं कोरडं केलं नाही, की त्या तीन मिनिटांत. हे एवढं पाळलं तर साधं लोशनही गुण देतं.

आता माझ्या पहिल्या दोन चुकांकडे. पहिली चूक मेणाची. मधमाशीच्या मेणाने तेल घट्ट होतं, पण एकट्या मेणाला तेल आणि पाणी कायमचं बांधून ठेवता येत नाही. दुसऱ्या शतकातल्या गेलन या ग्रीक वैद्याच्या नावावर जे जुनं कोल्ड क्रीम सांगतात, ते ऑलिव्ह तेल, मेण आणि गुलाबपाणी यांचंच. त्यातलं पाणी अंगावर उडताना गार वाटायचं, म्हणून ते 'कोल्ड'. पुढे लोकांनी त्यात बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, घालायला सुरुवात केली, कारण मेणातल्या आम्लाशी त्याचा साबण तयार होतो आणि तो साबण पाण्याला धरतो. मी बोरॅक्सच्या वाटेला जात नाही. मी इमल्सिफाइंग वॅक्स वापरते. नावात वॅक्स असलं तरी याचा मधमाशीशी काही संबंध नाही. वनस्पतींच्या तेलांपासून तयार केलेली स्निग्ध अल्कोहोलं आणि त्यांना पाण्याशी जुळवून घेणारा एक घटक यांचे हे पांढरे दाणे असतात. ऑलिव्ह तेलापासून काढलेले इमल्सिफायरही, म्हणजे तेल-पाणी बांधून ठेवणारे घटकही, मिळतात. नावाच्या गोंधळात दोन्ही मेणं एकमेकांऐवजी वापरली, तर लोशन फाटणार हे नक्की.

दुसरी चूक प्रिझर्व्हेटिव्हची, म्हणजे बुरशी आणि जिवाणू रोखणाऱ्या घटकाची, आणि इथे मी जरा हट्टी आहे. ज्यात पाणी आहे त्यात प्रिझर्व्हेटिव्ह घालायचंच. गुलाबपाणी, हर्बल काढा, कोरफडीचा गर, दूध ही सगळी पाण्यातच मोजायची. उकळलेलं पाणी वापरलं म्हणून सुटका नाही, कारण बाटली उघडल्यावर जंतू येतातच. 'व्हिटॅमिन ई घातलंय की' असं बरेच जण म्हणतात. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून काही काळ वाचवतं, बुरशीला आणि जिवाणूंना ते अडवत नाही. कडुनिंबाचं तेल, मध, सुगंधी तेलांचे चार थेंब, यांच्या भरवशावर पाण्याचं लोशन टिकत नाही. आणि बुरशी दिसते तरी, जिवाणू दिसतही नाहीत. चिरा पडलेल्या हातावर आपण नेमकं तेच चोळायचं का? 'नैसर्गिक' या शब्दासाठी मी एवढी किंमत मोजणार नाही. एक टक्का प्रिझर्व्हेटिव्ह घालते आणि बाकीच्या ९९ टक्क्यांत माझी हौस भागवते. ज्यांना ते मुळीच नको, त्यांच्यासाठी बिनपाण्याचा मलम आहे, तो पुढे सांगते.

हे २०० ग्रॅम लोशनचं माप. सगळं वजनाने, मिलिलिटरने नाही. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, १० मिलिलिटर तेल सुमारे ९.२ ग्रॅम भरतं, आणि चमच्यांनी मोजलं की दोन खेपा कधीच सारख्या होत नाहीत.

पाण्याचं भांडं:
डिस्टिल्ड पाणी १४० ग्रॅम
ग्लिसरीन ८ ग्रॅम

तेलाचं भांडं:
सूर्यफुलाचं तेल २४ ग्रॅम
शिया बटर १० ग्रॅम
इमल्सिफाइंग वॅक्स १२ ग्रॅम
सिटाइल अल्कोहोल ३ ग्रॅम

गार झाल्यावर:
प्रिझर्व्हेटिव्ह २ ग्रॅम
व्हिटॅमिन ई १ ग्रॅम

वजनकाटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा. एक-एक ग्रॅमने सरकणाऱ्या काट्यावर '२' दिसलं तरी खरं वजन दीड असू शकतं किंवा अडीच, आणि प्रिझर्व्हेटिव्हमध्ये हा फरक चालत नाही. कमी पडलं तर निरुपयोगी, जास्त झालं तर कातडीला त्रास.

घटकांबद्दल थोडं. सूर्यफुलाचं तेल मी मुद्दाम निवडलंय. नेहमीच्या सूर्यफुलाच्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं, आणि कातडीचा तो 'चुना' तयार व्हायला तेच लागतं. बाटलीवर 'हाय ओलेइक' लिहिलेलं असेल तर ते वेगळं तेल, जास्त टिकतं पण गुण वेगळा. बदामाचं तेल चालतं, तिळाचंही चालतं, त्याला वास असतो एवढंच. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल फार, आधीच फुटलेल्या कातडीला ते मी लावत नाही. खोबरेल हवं असेल तर निम्म्याहून जास्त घेऊ नका, ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं आणि थंडीत लोशन ताठर वाटतं. सिटाइल अल्कोहोल या नावाने दचकायचं कारण नाही. ते मेणासारखं घन असतं, सुमारे ४९ अंशांना वितळतं, कातडी कोरडी करत नाही, आणि लोशनला दाटपणा देतं. ग्लिसरीन चार टक्के पुरतं. जास्त घातलं की हात चिकट होतात, आणि निव्वळ ग्लिसरीन तर लावूच नये, ते कातडीतलंच पाणी वर ओढतं.

प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून मी फेनॉक्सीइथेनॉल आणि एथिलहेक्सिलग्लिसरीन यांचं तयार मिश्रण एक टक्का घालते. काहींना बेंझिल अल्कोहोल आणि डिहायड्रोअॅसेटिक आम्लाचं मिश्रण जास्त पसंत असतं. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही जोडी मात्र लोशन पुरेसं आम्लधर्मी असेल तरच काम करते, तेव्हा नवशिक्याने तिच्या नादी लागू नये. कोणतंही घ्या, बाटलीवर दिलेलं प्रमाण हेच खरं, माझं नाही.

आता कृती. आधी भांडी, ब्लेंडरचं पातं, रबरी चमचा, बाटल्या, सगळं साबणाने धुऊन पुरतं कोरडं करा आणि ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून वाळू द्या. हे करताना शेजारी आच पेटलेली नको, अल्कोहोल भडकतं. बाटली पंपाची घ्या. तोंड रुंद असलेल्या डबीत बोट जातं, आणि बोटाबरोबर काय काय जातं ते मी वर सांगितलंच.

दोन उष्णतारोधक भांडी घ्या, एकात पाण्याचं सामान, एकात तेलाचं. पाण्याच्या भांड्याचं सामानासकट वजन करून लिहून ठेवा. एका पसरट पातेल्यात पाणी तापवून दोन्ही भांडी त्यात उभी करा. थेट आचेवर नको, तेल करपतं. दोन्ही मिश्रणं ७० ते ७५ अंशांना येऊ द्या आणि त्याच तापमानाला वीस मिनिटं राहू द्या. पहिल्या दोन खेपांना मी दहा मिनिटांतच घाई केली होती, आणि लोशनमध्ये रव्यासारखे कण आले. शिया बटर पुरतं वितळायला वेळ घेतं. थर्मामीटर नसेल तर हे काम अंदाजाने होतं, आणि अंदाज चुकला की वॅक्स मध्येच गोठतं.

वीस मिनिटांनी पाण्याचं भांडं बाहेरून पुसून पुन्हा काट्यावर ठेवा. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी वाफ होऊन गेलं. तेवढंच गरम डिस्टिल्ड पाणी घालून भरून काढा. ही पायरी लोक गाळतात आणि मग म्हणतात, लोशन या वेळी फार घट्ट झालं.

मग तेल पाण्यात ओता. दोन्ही सारखीच गरम हवीत. हँड ब्लेंडरचं डोकं पूर्ण बुडालेलं ठेवून वीस-तीस सेकंद फिरवा, थांबा, रबरी चमच्याने ढवळा, पुन्हा फिरवा. असं चार-पाच वेळा. डोकं वर आलं की हवा शिरते आणि लोशनऐवजी फेस तयार होतो. या टप्प्यावर मिश्रण पातळ दुधासारखं दिसेल. घाबरून आणखी वॅक्स टाकू नका! मी टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याची मेणबत्ती झाली होती. लोशन आळतं ते थंड होताना, आणि त्याचा खरा दाटपणा यायला चोवीस तास लागतात.

यानंतर ब्लेंडर बाजूला ठेवून हाताने संथ ढवळत राहा. मी या वेळात दुसऱ्या हाताने धागे गुंडाळते. तापमान ४० अंशांवर आलं की प्रिझर्व्हेटिव्ह आणि व्हिटॅमिन ई घालून चांगलं दोन मिनिटं ढवळा. त्याआधी गरम असताना घातलं तर काही प्रिझर्व्हेटिव्हचा जोर कमी होतो.

सुगंध? मी घालत नाही. चिरलेल्या कातडीला सुगंधी तेलं झोंबतात, आणि ती ॲलर्जीचं नेहमीचं कारणही आहेत. हौस असेल तर लव्हेंडरचं तेल १ ग्रॅमपर्यंत, म्हणजे अर्धा टक्का. लिंबू आणि बर्गमॉट यांची दाबून काढलेली तेलं टाळा, लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. लिंबाचा रस आणि खायचा सोडा या दोघांना तर लोशनच्या आसपासही येऊ देऊ नका. कातडी स्वतः किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण ५ च्या आसपास. सोडा तिला पार दुसऱ्या टोकाला नेतो, आणि लिंबाचा रस जाळतो. लोशनचा पीएच कागदी पट्टीने बघता येतो. ५ ते ६ च्या मध्ये असेल तर हात लावू नका. जास्त असेल तर सायट्रिक आम्लाचं दहा टक्क्यांचं पाणी एकेक थेंब घालत, ढवळत, पुन्हा पट्टी बुडवत खाली आणा.

बाटलीत भरताना लोशन खोलीच्या तापमानाला आलेलं असावं. गरम भरलं तर झाकणाखाली वाफेचे थेंब साचतात, आणि त्या थेंबांत प्रिझर्व्हेटिव्ह नसतं.

पाणी सुटलं तर? पहिल्या दिवशी सुटलं असेल तर तापमानात चूक झाली, सगळं मिश्रण पुन्हा ७० अंशांना आणून घोटलं की बहुतेक वेळा मिळून येतं, फक्त प्रिझर्व्हेटिव्ह गार झाल्यावर पुन्हा घालायला लागतं, म्हणून मी अशी खेप टाकून देणंच पसंत करते. काही दिवसांनी सुटलं तर वॅक्स कमी पडलं. ढोबळ हिशेब असा, की तेलाच्या भांड्यातल्या एकूण वजनाचा चौथा हिस्सा वॅक्स हवं. वरच्या मापात ते ४९ पैकी १२ आहे. तेल वाढवलंत तर वॅक्सही त्याच प्रमाणात वाढवा आणि पाणी तेवढं कमी करा. लावताना हातावर पांढरा फेस येत असेल, तर शेवटचं ढवळणं फार जोरात झालं किंवा वॅक्स जास्त झालं.

आता बिनपाण्याचा मलम. मधमाशीचं मेण १५ ग्रॅम, शिया बटर २५ ग्रॅम, सूर्यफुलाचं तेल ६० ग्रॅम. एकत्र वितळवायचं, डबीत ओतायचं आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवायचं, हळूहळू गार झालं तर शियाचे दाणे पडतात. पाणी नाही म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह नको. फक्त ओल्या बोटांनी डबीत हात घालायचा नाही. हा चोपडा असतो, दिवसा माझ्या कामाचा नाही, पण रात्री लोशनवर याचा पातळ हात फिरवून सुती मोजे हातात घालून झोपलं, की अंगठ्याची चीर तीन-चार रात्रींत मिटते. टाचांनाही हाच.

नवीन खेप पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. लाल झालं, खाज सुटली, तर नाद सोडा. चिरांतून रक्त येत असेल, पाणी पाझरत असेल, किंवा इसबाचा त्रास असेल तर घरचे प्रयोग थांबवून त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. तान्ह्या बाळाला मी माझं लोशन कधी लावू दिलं नाही, कोणी कितीही कौतुकाने मागितलं तरी.

किती लावायचं, याचं एक सोपं माप आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत एक रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं एका हाताला दोन्ही बाजूंनी पुरतं. दोन हातांना एक ग्रॅम, दिवसातून चार वेळा, म्हणजे २०० ग्रॅमची बाटली पन्नास दिवसांत संपते. म्हणूनच मी एका वेळी यापेक्षा जास्त करत नाही. बाटलीवर तारीख आणि वहीतला खेपेचा आकडा लिहिते. तीन महिन्यांनी जे उरेल ते टाकते, दिसायला कितीही चांगलं असलं तरी. त्याआधी वास खवट झाला, रंग बदलला, कुठे ठिपका दिसला, तर त्याच दिवशी.

सध्या चौदावी खेप चालू आहे. लावून सात मिनिटं थांबते, मग रेशमाचा एक पदर अंगठ्यावरून ओढून बघते. निसटला तर सुईत ओवते. अडकला तर अजून दोन मिनिटं थांबते.